राखीचा हूक

रत्नागिरीतल्या एका पॉलिटेक्निकमध्ये मी 'स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स' शिकवते. कुठली वस्तू किती भार सोसेल, कशी वाकेल आणि कुठून तुटेल, हा तो विषय. माझा मोठा भाऊ त्याला 'मोडायचं शिक्षण' म्हणतो. तो मिरकरवाडा बंदरात स्वतःच्या ट्रॉलरवर तांडेल आहे. बोट तोच चालवतो, जाळं कुठे टाकायचं तेही तोच ठरवतो. मी मोडण्यावर बोलून पगार घेते आणि तो न मोडता परत येऊन पोट भरतो, असं तो चारचौघांत ऐकवत असतो. मला राग येतो.

दर वर्षी पहिल्या तासाला मी मुलांना एकेक लोखंडी तार देते आणि ओढून तोडायला सांगते. कुणालाच ती तुटत नाही. मग तीच तार एकाच जागी पुढेमागे वाकवायला सांगते. थोड्याच वेळात ती टपकन हातात तुटून येते आणि मुलं माझ्याकडे बघतात. धातूही दमतो, हे मी त्यांना तेव्हा सांगते. एकदाच आलेला मोठा भार तो सोसतो, पण रोज येणारा-जाणारा छोटा भार त्याला आतून चिरत नेतो. सुरुवातीच्या जेट विमानांच्या खिडक्यांचे कोपरे फार टोकदार होते. वर चढताना विमान आतल्या हवेने फुगायचं, उतरताना आकसायचं, आणि प्रत्येक फेरीत कोपऱ्याजवळची भेग नखभर पुढे सरकायची. एक दिवस विमान हवेतच फुटायचं. आज विमानाच्या खिडकीचा कोपरा गोल दिसतो, तो काही शोभेसाठी नव्हे. पवनचक्कीचं पातं, रेल्वेचा रूळ, खाडीवरचा पूल, सगळ्यांचं दुखणं हेच. भेगेला सुरुवात करायला एक जागा लागते, आणि ती जागा बहुतेक वेळा माणूसच करून देतो.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवलंत तरी मी फळ्यावर आडवा दांडा काढीन, मधोमध वरून खाली बाण काढीन, आणि दांड्याच्या खालच्या अंगाला रेघ ओढून सांगीन की इथे सगळ्यात जास्त ताण, इथे काही जोडायचं नाही, भोक पाडायचं नाही, वेल्डिंगचा टाकासुद्धा मारायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना एक गमतीचं काम देते. आपापल्या गावात फिरून एक भेग शोधायची आणि तिचा फोटो आणायचा. कुणी शाळेच्या फाटकाचा आणतं, कुणी बैलगाडीच्या धावेचा, कुणी आजोबांच्या चष्म्याच्या दांडीचा. सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला ते फोटो पडद्यावर दाखवायचे आणि प्रत्येक भेग कुठून सुरू झाली ते ओळखायचं. माझ्या वर्षातला सगळ्यात आवडता तास हाच. मुलं हसतात, मीही जरा मोकळी होते.

गेल्या वर्षी त्या तासाला चौथा की पाचवा फोटो पडद्यावर आला आणि मी खूश झाले. एक आडवा लोखंडी पाइप होता, निळा रंगवलेला. फोटो खालून वर बघत काढलेला होता. पाइपाच्या खालच्या अंगाला एक छोटा हूक वेल्ड केलेला, आणि हुकाच्या मुळापासून दोन्ही बाजूंना गंजाची तांबडी रेघ पाइपाला वळसा घालत गेलेली. रंग तिथे फुटला होता. पुस्तकात छापावी अशी भेग होती. फोटो काढणाऱ्या मुलीला मी शाबासकी दिली. ती बंदराजवळच राहते. रविवारी जेटीवर मासळी उतरत असताना तिला तो दिसला होता.

मी पट्टी घेऊन पडद्याजवळ गेले. भार मधोमध, ताण खालच्या अंगाला, आणि नेमका तिथेच वेल्ड, सगळं समजावलं. वेल्डच्या कडेला धातू आधीच ओढलेला असतो, तिथूनच चीर निघते, हेही सांगितलं. तोंडाला लगाम नसणं हा माझा जुना दोष आहे. म्हटलं, "अख्ख्या पाइपावर याहून वाईट जागा शोधून सापडली नसती. हा हूक इथे लावून घेणारा माणूस शुद्ध गाढव असला पाहिजे."

वर्ग हसला. मीही हसले. पट्टीचं टोक हुकावर ठेवलं आणि तिथे अडकलेला दोरा मला दिसला. हिरव्या नायलॉनचा, जाळं विणायचा दोरा. त्यात ओवलेली एक कवडी.

ती राखी माझी होती.

मी पट्टी पडद्याशेजारच्या टेबलावर ठेवली. मुलं अजून हसत होती. कुणीतरी विचारलं, "मॅडम, हा पाइप किती दिवस टिकेल?" याच प्रश्नावर मी एरवी तासभर बोलले असते. तेव्हा मी पर्समधला फोन शोधत होते.

आमच्या घरात बोटीला राखी बांधतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायच्या आधी घरातल्या मुलीने भावाच्या मनगटाला एक राखी बांधायची आणि बोटीला एक. वर्षभर भाऊ बोटीच्या भरवशावर, म्हणून बोटही भावंडच. वडिलांची बोट लाकडी होती. तिच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक खुंटी होती, त्या खुंटीला मी फ्रॉकात असल्यापासून राखी बांधत आले. बाजारची राखी खाऱ्या वाऱ्यात आठवडाभरही टिकत नाही, म्हणून आईने मला जाळ्याच्या दोऱ्यात कवडी ओवून राखी करायला शिकवलं. ती पुढच्या पौर्णिमेपर्यंत टिकते.

वडिलांमागे भावाने ट्रॉलर घेतला. त्याला खुंटी नव्हती. मागच्या बाजूला लोखंडी पाइपांची मोठी कमान होती. तिच्या वरच्या आडव्या दांड्याला कप्पी असते आणि मासळीने भरलेलं जाळ्याचं टोक विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, त्या कप्पीवरूनच वर उचलतात. मी दांड्याला राखी आणि झेंडूचं तोरण बांधायचे, पण गोल पाइपावरून ती घसरून एका बाजूला जायची. मला नोकरी लागली त्या वर्षी मी रुबाबात म्हटलं, एक हूक वेल्ड करून घेऊ. भावाने विचारलं, कुठे? मी चार पावलं मागे जाऊन, डोळा बारीक करून बघितलं आणि सांगितलं, बरोबर मधोमध, खालच्या बाजूला, म्हणजे तोरण शोभून दिसेल. वेल्डरने पाच मिनिटांत काम केलं. भाऊ खलाशांना म्हणाला, इंजिनेर बहीण असल्याचा काहीतरी उपयोग झाला. त्याच आठवड्यात मी वर्गात आडवा दांडा शिकवला असणार. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वर्ग तसाच सोडून मी बाहेर आले आणि भावाला फोन लावला. फोन लागेना. वहिनीला लावला. तिने सांगितलं की बोट सोमवारी पहाटेच गेली, बुधवारी यायची. त्या दिवशी मंगळवार होता. मी काय विचारतेय ते तिला कळलं नसावं, कारण तिने दिवाळीत केलेली तक्रारच पुन्हा सुरू केली. या हंगामात यांना काय झालंय कोण जाणे, म्हणाली. जाळ्याच्या टोकाची गाठ स्वतःच सोडतात. एवढे खलाशी आहेत, कुणाला हात लावू देत नाहीत. अंगभर चिखल-मासळी घेऊन घरी येतात.

दिवाळीत हे ऐकून मी हसले होते, म्हातारपणी हौस आली म्हटलं होतं. आता त्याचा अर्थ लागला. भरलेलं जाळं दांड्याला टांगलेलं असताना एक माणूस त्याच्याखाली जातो आणि टोकाची गाठ ओढतो, मग मासळी डेकवर कोसळते. तो माणूस बरोबर मधोमध उभा असतो. माझ्या हुकाखाली.

स्कूटर कशी चालवली ते आठवत नाही. मिरकरवाड्याच्या जेटीवर बर्फाच्या गाड्या लागल्या होत्या, पलीकडे लिलाव चालला होता. भावाचा एक जुना सोबती स्वतःच्या बोटीवर जाळं शिवत बसला होता. वडिलांच्या वेळेपासून मी त्याला काका म्हणते. त्याच्या बोटीवरच्या वायरलेसवरून भावाला गाठायला सांगितलं. काकांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता सेट चालू केला. पहिल्या दोन-तीन हाकांना नुसती खरखर आली. त्या खरखरीत मला दांडा तुटल्याचे सगळे आवाज ऐकू येत होते. मग भावाचा आवाज आला.

घाबरले की माझी पुस्तकी भाषा गळून पडते. मी म्हटलं, "दादा, मी बोलतंय. जाळा पान्यात हाय काय?"

"हाय. आता घेनार."

"विंचनं उचलू नको. वरच्या दांड्याला भार देऊ नको. त्याच्याखाली कुनी उभा ऱ्हायचा नाय. तू पन नाय."

तो म्हणाला, "बरा."

एवढंच बोलून त्याने सेट ठेवला. काका म्हणाले, ऐकला तुझा, आता घरी जा. मी जेटीच्या कठड्यावर बसून राहिले. काहीतरी खुपत होतं, पण काय ते कळेना. संध्याकाळी घरी पोहोचल्यावर कळलं. माझा भाऊ जन्मात कधी 'का' विचारल्याशिवाय राहिलेला नाही. मी मीठ कमी घाल म्हटलं तरी तो कारण विचारतो. आणि आज मी त्याला भर समुद्रात पाण्यातलं जाळं विंचने घेऊ नको म्हणाले, तर त्याने 'का' विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट वेळेआधीच आली. मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून भेगा शोधायचे फवारे घेऊन जेटीवर उभी होते. खलाशांचे हात सोलवटले होते. सगळ्यांनी मिळून जाळं हाताने ओढून घेतलं होतं, आणि ते पेलेना म्हणून अर्धीअधिक मासळी पाण्यात सोडून दिली होती. कुणी माझ्याकडे रागाने बघितलं नाही, त्यामुळे मला जास्तच लाज वाटली. भाऊ सगळ्यात शेवटी पुढे आला. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्याने मान दुसरीकडे वळवली.

मी शिडीवर चढले. राखी बाजूला सरकवली आणि हुकाच्या बुडाचा रंग खरवडला. रंगाखालून पांढरट पोपडा निघाला. मी तो नखाने उचकटला. ती लांबी होती, गाडीचे पोचे बुजवायला भरतात ती. कुणीतरी भेगेत लांबी भरून, घासून, वरून रंग मारला होता. हे काम रंगाऱ्याचं नव्हतं. इतक्या निगुतीने काम करणारा माणूस आमच्या घरात एकच आहे.

भेगेवर लाल फवारा मारला, थांबले, फडक्याने पुसून घेतलं आणि वरून पांढरा फवारा मारला. भेगेत शिरलेला लाल रंग हळूहळू पांढऱ्यावर उमटायला लागतो. प्रयोगशाळेत मुलं या वेळी पुढे सरसावतात. इथे बोटीवर सगळे दोन पावलं मागे सरले. हुकाच्या मुळाशी लाल टिपका आला. मग दोन्ही बाजूंना रेघ सरकली. पाइपाचा पाव भाग झाला, तरी ती थांबेना. अर्धा झाला. मी शिडीवर पुढे झुकून पलीकडे बघितलं, तिथेही लाल होतं. वर जेमतेम चार बोटांची जागा कोरी राहिली होती. सगळं जाळं, सगळी मासळी, इतके दिवस त्या चार बोटांवर लटकत होती.

मी खाली उतरले.

भाऊ दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. मी समोर उभी राहिले तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "रंगाच्या टायमाला दिसली ती. तवा केसाएवडी होती."

म्हणजे पावसाळ्यातल्या मासेमारी-बंदीच्या महिन्यांत. बोट किनाऱ्यावर ओढलेली असते आणि पौर्णिमेआधी तिला नवा रंग देतात तेव्हा. त्याने वेल्डरला दाखवलीही होती. वेल्डर म्हणाला होता की हूक कापून टाकू, जागा घासून घेऊ आणि वरून लोखंडी पट्टा मारू. अर्ध्या दिवसाचं काम. भावाने त्याला परत पाठवलं होतं.

"का?" मी विचारलं. आमच्या घरात 'का' विचारायची पाळी प्रथमच माझ्यावर आली होती.

"तू राखी बांदतेस तो हूक गो. तो कापायचा कसा? आनि कापला असता तर तू इचारलं असतंस. मग तुला कळला असता कशानं चिरला तो."

त्याला माहीत होतं. एकही पुस्तक न वाचता त्याला कळलं होतं की भेग हुकापासून निघालीय, आणि हूक माझा आहे. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने ती बुजवली, रंगवली, आणि पौर्णिमेला माझ्यासमोर त्याच हुकाला माझी राखी बांधून घेतली. मी तेव्हा रंगाचं कौतुक केलं होतं. म्हटलं होतं, दादा, निळा छान उठलाय.

"म्हणून गाठ तू सोडायला लागलास?"

त्याने बाजूला पडलेला दोर ओढून वेटोळ्यावर टाकला. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या पोराला कशाला उभा करू त्याच्याखाली?"

मी त्याला ओरडायला तोंड उघडलं होतं. हजार गोष्टी सांगायच्या होत्या. राखी दोऱ्याची असते, तिला जागा बदललेली चालते; लांबीने भेग झाकते, सांधत नाही; आणि वाईट वाटून घ्यायला मी जिवंत आहे, पण तू उद्या नसतास. यातलं काही बाहेर पडलं नाही. आदल्या दिवशी वर्गात उच्चारलेला 'गाढव' हा शब्द मात्र आठवला. तो एकट्या माझ्या वाट्याचा नव्हता, आम्ही दोघांनी वाटून घ्यायला हवा होता. मी त्याच्या दंडावर एक सणसणीत चापट मारली आणि तिथेच, सगळ्या बंदरादेखत, रडायला लागले.

दुपारी तोच वेल्डर आला. त्याने भेगेच्या दोन्ही अंगांना हातभर जागा सोडून दांडा कापला आणि तो तुकडा खाली जेटीवर आणून ठेवला. मी म्हटलं, यावर हातोडी मार, मला बघायचंय. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, तुकडा दोन ठोकळ्यांवर आडवा ठेवला आणि हातोडी मारली. नारळ फोडताना मारतात तेवढ्याच जोराने. तुकड्याचे दोन भाग झाले. आवाजसुद्धा फारसा आला नाही. भाऊ उठून उभा राहिला होता, तो पुन्हा खाली बसला. इतके महिने त्याच्याखाली उभा राहूनही ते किती जवळ आलंय हे त्याला तोवर कळलं नव्हतं.

तुटलेल्या तोंडावर ओहोटीने वाळूवर सोडाव्यात तशा बारीक रेषा होत्या, एकाबाहेर एक. पुस्तकात त्यांची चित्रं असतात. दर वेळी जाळं उचललं की भेग थोडी पुढे सरकते आणि थांबते, तिच्या त्या खुणा. त्यांतली प्रत्येक माझ्या भावाच्या डोक्यावर उमटलेली होती. मी त्या मोजल्या नाहीत.

ते दोन्ही भाग आता माझ्या वर्गात असतात. त्या वर्षीच्या मुलांना मी दुसऱ्याच तासाला सांगून टाकलं की तो गाढव कोण. या वेळी कुणी हसलं नाही. नव्या दांड्याला हूक नाही. वेल्डरने विचारलं तेव्हा भाऊ आणि मी एकदमच 'नाय' म्हणालो.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. वेल्डर तुकडे उचलायला वाकला तेव्हा भाऊ त्याला थांब म्हणाला. त्याने कोयतीच्या टोकाने हुकातला हिरवा दोरा अलगद सोडवला, कवडी विजारीला पुसली आणि ती माझ्या हातात दिली. मग मनगट पुढे केलं. म्हणाला, "बोटीची पन हितंच बांद."

मी बांधायला घेतली. खाऱ्या वाऱ्याने दोरा इतका ताठ झाला होता की गाठ बसेना. शेवटी दोऱ्याचं दुसरं टोक त्याने दातात धरलं.